आजोबा ‘बॉम्बर पायलट’ होते, म्हणजे नेमके कोण होते?

बेळगाव आणि आसपासच्या गावांत लष्करी पेशाचे फोटो घरोघरी सापडतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र इथेच असल्यामुळे टोपीवर तुरा लावलेले, छातीवर पदके मिरवणारे आजोबा-पणजोबा आपल्याला नवे नाहीत. पण कधीतरी एखाद्या घरात निराळाच फोटो दिसतो. डोक्यावर कातडी टोपी, कपाळावर चढवलेला चष्मा, कोटाच्या डाव्या खिशावर पंखाचा बिल्ला. कोण म्हणून विचारले की उत्तर ठरलेले असते, “आमचे मोठे काका. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर उडवत होते.”

पुढे काय? कोणत्या तुकडीत होते? कोणते विमान? कुठे लढले? इथे बोलणे थांबते. माहिती असलेली पिढी आता राहिलेली नाही आणि नातवंडांच्या हाती उरते ते एवढे एकच वाक्य.

हे वाक्य तपासून पाहणे ही आता अशक्य गोष्ट नाही. युद्धकाळातले हवाई दल कागदपत्रांच्या बाबतीत फार काटेकोर होते आणि त्यातले बरेच कागद आजही शाबूत आहेत. मात्र शोध सुरू करताना एक तयारी हवी. आपल्याला सापडणारा माणूस घरातल्या गोष्टीपेक्षा वेगळा निघू शकतो. वेगळा म्हणजे कमी नव्हे. उलट, पराक्रमाच्या धूसर गोष्टीपेक्षा तारीखवार सापडलेला माणूस आपल्या अधिक जवळचा होतो, असाच अनेक देशांतल्या शोध घेणाऱ्या कुटुंबांचा अनुभव आहे.

पहिला प्रश्न: हे काका कोणाचे कोण?

हसू नका. आपल्याकडच्या मराठी-कन्नड घरांत शोधाची पहिली अडचण हीच असते. मराठीत काका, मामा, आत्याचे यजमान, सासरे असे वेगवेगळे शब्द आहेत. कन्नडमध्ये ‘मावा’ म्हटले की तो आईचा भाऊ असेल, आत्याचा नवरा असेल, नाहीतर सासरेही असतील. ‘दोड्डप्पा’ म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ असू शकतात, तसेच मावशीचे यजमानही. आजीने कन्नडमध्ये सांगितलेली आठवण आईने मराठीत सांगितली आणि तिच्याकडून ती मुलांनी ऐकली, की वाटेत माणूसच बदलण्याचा संभव असतो. म्हणून आधी कागदावर वंशवृक्ष काढा. दोन्ही बाजूंची मंडळी एकत्र बसवा आणि फोटोतला माणूस नेमका कुठल्या फांदीवरचा, हे नक्की करा.

दुसरी अडचण नावाची. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. कन्नड घरांत अनेकदा गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर आधी येते आणि आडनाव येतच नाही. इंग्रज कारकुनाने हे सगळे त्याच्या तक्त्यात बसवताना वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात टाकले असेल. स्पेलिंगचा तर भरवसाच नाही. एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेले आढळते. शिवाय कुलकर्णी, पाटील, देशपांडे ही आडनावे इतकी की ‘ए. कुलकर्णी’ सापडले म्हणून ते आपलेच, असे धरून चालणार नाही.

तिसरी अडचण गावाची. त्या काळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे कागदांवर ‘बेलगाम, बॉम्बे’ अशी नोंद असते. पण जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सांगली ही संस्थाने होती. तिथला माणूस मुंबई इलाख्याखाली शोधाल तर सापडणार नाही. बिदर-गुलबर्ग्याकडची मंडळी तेव्हा निजामाच्या हद्दीत होती. आजच्या नकाशाप्रमाणे कर्नाटकात शोधून उपयोग नाही, कारण हे राज्य त्यावेळी नव्हतेच.

या तिन्ही अडचणींवर उपाय एकच, तो म्हणजे सर्व्हिस नंबर. नावात गफलत होते, क्रमांकात सहसा होत नाही. हा क्रमांक पेन्शनच्या कागदांवर, सुटीच्या पासावर, जुन्या पाकिटावर, नाहीतर पदकाच्या कडेवर सापडू शकतो. हिंदी फौजांना दिलेल्या पदकांच्या कडेवर बऱ्याचदा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. तेव्हा ट्रंक उघडल्यावर पदक आधी भिंगाखाली धरा. पॉलिश मात्र करू नका. घासून घासून कोरलेली अक्षरे पुसट होतात.

पंख एक की दोन?

आता फोटोतला बिल्ला नीट पाहा. दोन्ही बाजूंना पंख पसरलेले असतील तर तो वैमानिकाचा. एकच पंख असून त्याच्या टोकाशी वर्तुळात अक्षर असेल तर माणूस विमानात होता, पण विमान चालवणारा नव्हता. इंग्रजी ‘एन’ असेल तर नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग काढणारा. ‘बी’ म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणारा. ‘ए.जी.’ म्हणजे तोफची, एअर गनर. ‘ई’ म्हणजे फ्लाइट इंजिनिअर.

यात हिरमुसण्यासारखे काहीच नाही. ब्रिटिश हवाई दलाचे लँकेस्टर हे मोठे बॉम्बर विमान घ्या. त्यात साधारणपणे सात माणसे असत आणि त्यांतला वैमानिक एकच. बाकीचे सहा, म्हणजे फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब सोडणारा, वायरलेस ऑपरेटर आणि दोन तोफची. नॅव्हिगेटर चुकला तर सातही जण समुद्रावर भरकटणार. शेपटीकडच्या तोफचीचे लक्ष ढळले तर सातांचाही जीव जाणार. ‘बॉम्बरमध्ये होते’ याचे घरच्यांच्या तोंडी ‘बॉम्बर उडवत होते’ कधी झाले, हे कुणाला कळतही नाही.

मराठी वाचकांना जवळचे एक नाव इथे सांगायला हवे. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर कमांडमध्ये होते आणि त्यांचे काम नॅव्हिगेटरचे होते. युरोपवरच्या त्या हवाई युद्धात आपल्याकडची माणसे फार थोडी होती. त्यांच्यापैकी एकाचे नाव नकाशा आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या माणसाचे आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणि फोटोत बिल्लाच नसेल तर? मग काका कदाचित जमिनीवरचे असतील. इंजिन दुरुस्त करणारे, बॉम्ब चढवणारे, वायरलेस सांभाळणारे. त्यांच्याशिवाय एकही विमान हलत नसे. आपल्या सांबऱ्याचा विमानतळही १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानेच बांधला आणि ब्रह्मदेशच्या मोहिमेच्या काळात तो वापरला. तेव्हा ‘युद्धात विमानावर होते’ याचा अर्थ कधी कधी घरापासून दहा-बारा किलोमीटरवर नोकरी होती, असाही निघू शकेल!

ब्रिटिश हवाई दल की हिंदी हवाई दल?

हा फरक आधी ठरवणे आवश्यक आहे, कारण दोन्हींचे कागद वेगवेगळ्या देशांत आहेत.

हिंदी हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १९३३ साली कराचीत पहिली तुकडी उभी राहिली, तीही चार जुन्या वापिती विमानांवर. महायुद्ध सुरू झाले तेव्हा दलाजवळ ही एकच तुकडी होती, युद्ध संपेपर्यंत त्या नऊ झाल्या. १९४० साली चोवीस हिंदी वैमानिक इंग्लंडला पाठवण्यात आले आणि तिथे ब्रिटिश तुकड्यांमध्ये त्यांना उडण्याचा अनुभव मिळाला. पण बहुतेकांचे युद्ध ब्रह्मदेशच्या आघाडीवर झाले.

हिंदी हवाई दलात खऱ्या अर्थाने बॉम्बर म्हणता येतील अशा तुकड्या दोनच, सातवी आणि आठवी. दोन्ही १९४२ च्या डिसेंबरात उभ्या राहिल्या. त्यांना मिळाले अमेरिकन बनावटीचे ‘व्हेंजन्स’ हे डाइव्ह बॉम्बर. दोन माणसांचे विमान, पुढे वैमानिक आणि पाठीमागे तोफ व वायरलेस सांभाळणारा सोबती. उंचावरून जवळजवळ सरळ खाली सूर मारायचा, बॉम्ब सोडायचा आणि विमान वर खेचायचे. जंगलात दडलेल्या जपानी बंकरवर किंवा पुलावर नेम धरायला ही पद्धत उपयोगी होती. इंजिनाने मात्र मेकॅनिक मंडळींना पुष्कळ रडवले.

आठवी तुकडी १९४३ च्या डिसेंबरात चितगावकडून अराकानच्या आघाडीवर उतरली. सातवी १९४४ च्या मार्चमध्ये आसामात आली आणि इम्फाळ-कोहिमाच्या लढाईत सापडली. १९४४ च्या मध्यानंतर व्हेंजन्स आघाडीवरून मागे घेण्यात आले. पुढे सातवीला हरिकेन आणि आठवीला स्पिटफायर मिळाले.

या तारखा पाठ करण्यासाठी दिलेल्या नाहीत. त्या घरातल्या गोष्टीला लावून पाहण्याची फूटपट्टी आहेत. काका १९४५ साली हिंदी तुकडीच्या व्हेंजन्समधून बॉम्ब टाकत होते, अशी गोष्ट असेल तर ती जुळत नाही. कदाचित साल वेगळे असेल, कदाचित विमान हरिकेन असेल. हरिकेन मुळात लढाऊ विमान, पण त्याच्या पंखांखालीही बॉम्ब लावत. १९४२ च्या फेब्रुवारीत पहिल्या तुकडीच्या मुजुमदार यांनी तर टेहळणीच्या लायसँडर विमानांना बॉम्ब बांधून जपानी धावपट्टीवर हल्ला केला होता. तेव्हा ‘बॉम्ब टाकले’ हे खरे आणि ‘बॉम्बर विमान होते’ हे खरे नाही, असेही होऊ शकते.

पुढे १९६९ ते १९७३ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल सातव्या तुकडीतलेच. त्यांनी याच व्हेंजन्सवर ब्रह्मदेशची मोहीम केली, तुकडीचे नेतृत्वही केले आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. १९७१ च्या युद्धात हवाई दल सांभाळणाऱ्या या अधिकाऱ्याने नॅव्हिगेटर म्हणूनही शिक्षण घेतले होते. तुमचे काका सातव्या तुकडीत असतील तर लाल यांच्या आठवणींचे पुस्तक मिळवून वाचा. त्यात काकांचे नाव नसले तरी त्यांचे दिवस कसे गेले, हे कळेल.

निजामाच्या मुलखातल्या घरांसाठी एक सावधगिरीची सूचना. ब्रिटिश हवाई दलाची ११० वी तुकडी ‘हैदराबाद’ नावाने ओळखली जाई. पहिल्या महायुद्धात तिच्या विमानांचा खर्च निजामाने उचलला म्हणून हे नाव. याच तुकडीच्या ब्लेनहाइम विमानांनी ४ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीवरच्या पहिल्या हल्ल्यात भाग घेतला होता. नंतर ती भारतात येऊन व्हेंजन्सही उडवू लागली. त्यामुळे कागदावर ‘हैदराबाद स्क्वॉड्रन’ दिसले म्हणून त्यातला माणूस हैदराबादचा होता, असे ठरत नाही. आणि हैदराबादचा माणूस याच तुकडीत असला पाहिजे, असेही नाही.

लॉगबुक मिळाले तर घबाडच

हवाई दलातल्या प्रत्येक उडणाऱ्या माणसाला स्वतःच्या उड्डाणांची वही ठेवावी लागे. ब्रिटिश पद्धतीत वैमानिकाच्या वहीला ‘फॉर्म ४१४’ आणि नॅव्हिगेटर, तोफची यांच्या वहीला ‘फॉर्म १७६७’ म्हणत. आडवी, जाड पुठ्ठ्याची वही. घरच्यांना ती हिशेबाची चोपडी वाटते आणि रद्दीत जाते. सापडली तर जपा.

तिच्यात तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिकाचे नाव, कामगिरी आणि उड्डाणाचे तास, दिवसाचे वेगळे नि रात्रीचे वेगळे, असे रकाने असतात. महिनाअखेर बेरीज आणि वरिष्ठाची सही. बॉम्बर तुकड्यांत रात्रीची लढाईची उड्डाणे लाल शाईने आणि दिवसाची हिरव्या शाईने लिहिण्याची रीत होती. साधी, सरावाची उड्डाणे निळ्या किंवा काळ्या शाईत. त्यामुळे वही चाळताना शाईचा रंग बदलला की समजावे, काका आघाडीवर पोचले.

शेरे फार त्रोटक असतात. ‘डी. एन. सी. ओ.’ म्हणजे कामगिरी पार पडली नाही. इंजिन बिघडले असेल, ढग असतील. ‘ऑप्स’ म्हणजे लढाईचे उड्डाण. अधूनमधून एखाद्या मित्राचे नाव दिसेनासे होते आणि त्याविषयी एक शब्दही लिहिलेला नसतो. असे मोकळे राहिलेले रकाने वाचायला वेळ द्या.

लॉगबुक नसेल तर पदकांच्या फितीही बोलतात. ‘बर्मा स्टार’ असेल तर ब्रह्मदेशची आघाडी. ‘एअरक्रू युरोप स्टार’ असेल तर माणूस ब्रिटनमधून उडून युरोपवर गेला होता, हे नक्की. नुसतेच ‘वॉर मेडल’ आणि ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ असेल तर सेवा देशातच झाली असण्याची शक्यता जास्त.

तुकडीची रोजनिशी

माणसाची वही हरवली तरी तुकडीची वही राहते. प्रत्येक तुकडी ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’ लिहीत असे. त्यात फॉर्म ५४० वर रोजचा वृत्तांत आणि फॉर्म ५४१ वर प्रत्येक उड्डाणाचा तपशील. कोणते विमान, आत कोण कोण, किती वाजता उडाले, किती वाजता परतले. परतण्याची वेळ कोरी असेल तर त्याचा अर्थ सांगायला नको.

ब्रिटिश तुकड्यांच्या या रोजनिशा लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘एअर २७’ या मालिकेत आहेत. घरबसल्या संगणकावर शोध घेता येतो आणि पाने मागवता येतात. हिंदी हवाई दलाच्या तुकड्याही याच पद्धतीने नोंदी लिहीत. आपल्याकडे बिश्वेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली महायुद्धाचा जो सरकारी इतिहास खंडाखंडांनी निघाला, त्यात १९३३ ते १९४५ या काळातल्या हिंदी हवाई दलावर स्वतंत्र खंड आहे. मोठ्या ग्रंथालयांत विचारून पाहा.

व्यक्तीची सेवानोंद हवी असेल तर हवाई दलाच्या दिल्लीतल्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. जवानांच्या नोंदी सुब्रतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. पत्रात पूर्ण नाव, क्रमांक, अंदाजे साल आणि तुमचे नाते लिहा, वारस असल्याचा पुरावा जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली मंडळी अर्ज कसा करायचा ते सांगतात. माणूस थेट ब्रिटिश हवाई दलात असेल तर नोंदी इंग्लंडमध्ये. तिथल्या संरक्षण खात्याने २०२२ पासून जुन्या सेवानोंदी टप्प्याटप्प्याने नॅशनल आर्काइव्हजकडे सोपवायला घेतल्या आहेत.

काका परत आलेच नसतील तर पहिला दरवाजा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत मृत्यू पावलेल्यांची यादी त्यांच्याकडे आहे आणि ती विनामूल्य पाहता येते. काही नोंदींत आईवडिलांची नावे आणि गावही दिलेले असते. आग्नेय आशियात बेपत्ता झालेल्या हवाई दलाच्या माणसांची नावे सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. इम्फाळला दफनभूमी आहे, तसेच ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी वेगळे स्मारकही आहे. युरोपवर पडलेल्यांसाठी लिंकन इथल्या बॉम्बर कमांड सेंटरने सुमारे ५८ हजार नावांची सूची केली आहे.

एका सिगारेटच्या डबीची गोष्ट

नोंदी जुळवताना किती धीर लागतो, याचे एक उदाहरण हॉलंडमधले. २००८ साली तिथल्या मार्करमेर सरोवरात बंद पडलेली एक बोट ओढताना नांगराला विमानाचा तुकडा लागून आला. ते ब्रिटिश स्टर्लिंग बॉम्बर होते. सुरुवातीला हे बीके ७१० क्रमांकाचे विमान असावे असा समज झाला. पुढे अवशेषांमधल्या एका सिगारेटच्या डबीवर ‘जे. एम. सी.’ ही आद्याक्षरे आढळली. बीके ७१० मध्ये या अक्षरांचे कुणीही नव्हते. ती अक्षरे जॉन मायकेल कॅम्पबेल यांची, आणि ते होते बीके ७१६ मध्ये. २९ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवरच्या हल्ल्याहून परतताना सात जणांसह नाहीसे झालेले हे विमान. २०२० साली अवशेष वर काढण्यात आले.

सत्त्याहत्तर वर्षे सात घरांना ‘बेपत्ता’ एवढाच शब्द माहीत होता. आणि दुसऱ्या काही घरांना मधल्या काळात आपलाच माणूस सापडला असे वाटले असेल, त्यांनाही पुन्हा वाट पाहावी लागली. एका डबीवरची तीन अक्षरे मोठ्या अंदाजापेक्षा वजनदार ठरली. आपल्या ट्रंकेतली पाकिटे, किल्ल्या, कंगवे टाकून देण्याआधी ही गोष्ट आठवावी.

घरात हा विषय का निघत नसे?

कागद मिळतील. पण एक प्रश्न कागद सोडवत नाहीत. इतकी मोठी गोष्ट घरात कुणी बोलत का नसे?

साल आठवा. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदी बॉम्बर तुकड्या उभ्या राहिल्या. बेळगाव तर १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरलेले गाव. एक भाऊ खादी घालून तुरुंगात आणि दुसरा निळ्या गणवेशात विमानतळावर, हे एकाच घरात घडू शकत होते. इम्फाळच्या रणांगणावर जपान्यांच्या बाजूने आझाद हिंद फौजेचे सैनिक लढत होते. त्याच मोहिमेत मार्च १९४४ मध्ये सांगशाकला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांना अडवत होती. आणि वर आकाशात हिंदी वैमानिक होते. स्वातंत्र्यानंतर कोणाचा फोटो भिंतीवर लावायचा, कोणाचा ट्रंकेत ठेवायचा, हे प्रत्येक घराने आपापले ठरवले.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. बॉम्ब खाली पडतो तेव्हा खाली कुणीतरी असते. युरोपात बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उड्डाण-सेवकांपैकी ५५ हजारांहून अधिक मेले. हे त्या माणसांचे दुःख. पण १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५ हजार माणसे मेली, हेही त्याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आहे. ब्रिटनमध्येही या माणसांचा सन्मान करताना सरकार बराच काळ अडखळत राहिले. बॉम्बर कमांडसाठीची खास पट्टी मंजूर व्हायला २०१३ साल उजाडले. ब्रह्मदेशात लक्ष्य बहुधा पूल, बंकर आणि दारूगोळ्याचे साठे असत, शहरे नव्हेत. तरी पुलाशेजारी गाव असतेच. विशी-बाविशीत हे काम केलेला माणूस पुढे पन्नास वर्षे त्यावर बोलला नाही, तर तो विसरला होता असे नाही.

म्हणून सापडलेल्या माहितीवर लगेच हार घालायला धावू नये आणि निवाडाही करू नये. ज्या दिवशी लॉगबुकात ‘पूल, लक्ष्यावर’ असे लिहिले आहे, त्या दिवशी काका किती वर्षांचे होते, हे आधी शेजारी लिहावे. पुष्कळदा तो आकडा आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाएवढा निघतो. मग बाकीचे वाचन आपोआप हळू होते.

हे काम यंदाच का?

कारण कागद थांबतील, माणसे थांबणार नाहीत. युद्ध संपून ऐंशी वर्षे उलटली. ज्यांनी युद्ध पाहिले ते गेले, पण ज्यांनी त्यांच्या तोंडून काही ऐकले अशा आत्या, माम्या, दोड्डव्वा अजून काही घरांत आहेत. दिल्लीला किंवा लंडनला पत्र पाठवण्याआधी त्यांच्याजवळ बसा. फोटो हातात द्या आणि ‘ते शूर होते का’ असे न विचारता ‘रजेवर आले की काय करायचे, काय खायचे, कुणाची पत्रे यायची’ असे विचारा. त्या ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत लिहून घ्या. कन्नडमधली आठवण कन्नडमध्येच राहू द्या, तर्जुमा नंतर करता येईल. मोबाइलवर आवाजही टिपून ठेवा.

नंतर एक साधी वही करा. डाव्या पानावर घरातली आठवण, कुणी सांगितली त्याच्या नावासह. उजव्या पानावर कागदात जे सापडले ते, तारखेसह. दोन्ही जुळतील तिथे खूण करा. जुळणार नाहीत तिथे कुठलीच बाजू खोडू नका. फोटोच्या मागे पेन्सिलने पूर्ण नाव, नाते आणि गाव लिहा, बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते.

उजवे पान भरायला वर्ष-दोन वर्षे लागतील. डावे पान मात्र येत्या रविवारी सुरू करता येईल.